लाल ठिपक्याची टोपी

टीव्ही केंद्र बंद पडलं आणि तिथलं सामान विकायला निघालं, त्या सकाळी टास्मानियातल्या लॉन्सेस्टन शहरावर इतकं दाट धुकं होतं की नदी दिसत नव्हती. पिपने तिथे अकरा वर्षं नोकरी केली होती. पडद्यावरचं चित्र नीट राखायचं, हे तिचं काम. तिला आठवण म्हणून एकच वस्तू हवी होती, तिच्या टेबलावरचा जुना स्टुडिओ मॉनिटर. तिने त्याच्या कडीला हात घातला. दुसऱ्या कडीला आधीच कुणाचा तरी हात होता.

"मी याचे पैसे भरलेत," तो ओशाळून म्हणाला. "पण... हा चालू कुठून करतात?"

पिपला राग आला होता. तरी ती हसली.

त्याचं नाव कॅलम. शाळेत शिकवायचा. वडिलांच्या मागे राहिलेला चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर त्याला चालवायचा होता, पण हल्लीच्या टीव्हीवर त्याचं चित्र टिकत नव्हतं.

"दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्काउट हॉलमध्ये आमचा जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा क्लब भरतो," ती म्हणाली. "दोन्ही घेऊन ये."

तो आला. धापा टाकत आला. मॉनिटर अठ्ठावीस किलोंचा होता. पिपने तार जोडली. अक्षरं उमटली, पण पांढुरकी, प्रत्येकाच्या शेजारी सावली. तिने खिशातून करंगळीच्या पेराएवढी धातूची टोपी काढून मॉनिटरच्या मागच्या रिकाम्या तोंडावर फिरवून बसवली. अक्षरं लख्ख झाली.

"हे काय केलंस?"

"स्टुडिओत तार एका मॉनिटरमधून पुढच्यात जाते. शेवटच्याला ही टोपी लागते. नाहीतर चित्र शेवटाला आपटून मागे फिरतं."

"बिचारं," कॅलम म्हणाला. तो पडद्याकडे बघत नव्हता...

पुढच्या महिन्यात चित्र पुन्हा पांढुरकं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. पिपने तार बदलली, कॉम्प्युटर उघडला, मान दुखेपर्यंत शोधलं. टोपी जागच्या जागी दिसत होती, आणि आपण स्वतः बसवलेली वस्तू कुणी तपासत नाही. कॅलम शेजारी बसून चहा आणून द्यायचा, तिच्या केसांतली जळमटं काढायचा. तिला ते आवडायचं. पण घरी जाताना वाटायचं, आपल्या हातातली कला गेली.

चित्र बिघडल्याच्या चौथ्या महिन्यात क्लबची म्हातारी अध्यक्षा बेव्ह म्हणाली, "पोरी, होबार्टच्या नोकरीचं काय केलंस? जुन्या टेपा वाचवायचं काम, तुझ्याचसाठी आहे ते."

"सोमवारी नाही म्हणून कळवतेय." पिपने पक्कड खाली ठेवली. "एवढा साधा दोष चार महिन्यांत सापडला नाही मला. कुठल्या तोंडाने जाऊ?"

कॅलमचा चेहरा पडला. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि काहीतरी टेबलावर ठेवलं.

टोपी. तिच्यावर नखपॉलिशचा लाल ठिपका. केंद्रात वस्तू पळवल्या जायच्या, म्हणून प्रत्येकाचा रंग ठरलेला असे. लाल पिपचा.

"मागे लावलीय ती नुसती पोकळ आहे," तो पुटपुटला. "धुळीसाठी असते ती. मी बदलली."

"चार महिने?" पिपचा आवाज हॉलभर गेला. "चार महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते! सरळ विचारायला काय झालं होतं तुला?"

"चित्र नीट झालं की तू पुढच्या टेबलावर गेली असतीस... तुला असं वाटत असेल हे ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. माफ कर."

"मारायचं तर आत्ताच मार गं," बेव्ह म्हणाली. "चहा निवतोय."

पिपने टोपी त्याच्यापुढे सरकवली. "लाव. तुझ्या हाताने."

त्याने लावली. अक्षरं लख्ख. म्हणजे तिचे हात शाबूत होते. तिने मोठा श्वास घेतला. कॅलम खुर्चीवर वाकला आणि दोन बोटांनी टाइप करू लागला.

"होबार्टला जा, पिप. दर शनिवारी मी येईन. चालेल?"

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग मॉनिटरच्या मागे हात घालून टोपी काढली आणि आपल्या खिशात टाकली.

"अगं, चित्र—"

"होबार्टला ये, नीट करून देईन."

"दोनशे किलोमीटर, हा मॉनिटर घेऊन? दर शनिवारी?"

"अठ्ठावीस किलो," पिप म्हणाली. "उचलायचे. चार महिने."

पडदा पुन्हा पांढुरका झाला होता. ती खाली बसली आणि त्याच्या ओळीखाली एकच शब्द टाइप केला. सावली पडली होती, तरी वाचता येत होता.

"चालेल."