पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला

दुपारी पाठ टेकायला मिळणं ही टोचनदादाच्या आयुष्यात चैनच होती. वाळूच्या टेकड्यांत कुणाची ना कुणाची गाडी रुतलेली असायचीच. ती पट्टा बांधून ओढून आणणं, म्हणजे टोचन करणं, हा त्याचा धंदा. त्याचं खरं नाव एकट्या बायकोच्या लक्षात असावं. तरुणपणी या टोपणनावाची त्याला गंमत वाटायची. आता कंबर गेली होती, खांदे भरून यायचे, आणि जगातल्या सगळ्या गाड्या आपल्याच मागे बांधल्यात असं त्याला झोपेतही वाटायचं.

नुकता डोळा लागत होता, तेवढ्यात गॅरेजमधल्या मेकॅनिकचा फोन आला.

"दादा, एक टोचन आहे."

"दुसऱ्या कुणाला सांग. मी मेलो असं समज."

"तुमचे जावई आहेत."

टोचनदादा उठून बसला. जावई पाहुण्यांना टेकड्यांवरून फिरवून आणायचा. सकाळची फेरी आटोपल्यावर कुणाची तरी विसरलेली बॅग आणायला तो एकटाच परत आत गेला होता आणि एका खळग्यात रुतला होता. वायरलेसवरून एवढंच कळलं होतं, मग आवाज बंद.

शेजारच्या खोलीत त्याची लेक झोपली होती. दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून ती आईबापांकडे होती. नवरा रोज तिला बघायला यायचा, पण फाटकापर्यंतच. ती खिडकीत आणि तो रस्त्यावर, असं त्यांचं बोलणं चालायचं. कारण चार लोकांत जेवताना टोचनदादा त्याला बोलून गेला होता, "तुला गाडी हाकता येते, वाळू कळत नाही." जावई ताटावरून उठला, तो पुन्हा घरात आला नाही. तेव्हापासून सासरा-जावयांचा अबोला.

"त्याला काही बोलू नका," बायको दारात म्हणाली. "नुसता घेऊन या."

"बोलतोय कशाला? इतके महिने कुठे बोलतोय?"

"तेच तर म्हणते मी."

डांबरी रस्ता संपतो तिथे टोचनदादाने त्याची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह थांबवली. चारही चाकांतली हवा कमी केली, म्हणजे ती वाळूवर पसरतात आणि रुतत नाहीत. खाली बसताना कंबर बोलली, उठताना ओरडली. ऊन बरोबर डोक्यावर होतं. या वेळी वाळूत सावली नसते. चढ कुठे संपला, कडा कुठे तुटली, काही कळत नाही, सगळीकडे एकच पांढरट पिवळा रंग. शहाणा माणूस या वेळी गाडी आत घालत नाही. त्यात वारा सुटला होता आणि वाळू काचेवर सतत सुर्र सुर्र वाजत होती. गाडीत तापलेल्या रबराचा वास भरला होता.

एकेक माथा अंदाजाने ओलांडत तो त्या खळग्यात उतरला. जावयाची गाडी दिसली. चाकं अर्धी पुरलेली, काचा वर केलेल्या, सगळ्यावर धुळीचा थर. पुढच्या काचेआड स्टिअरिंगवर बसलेला माणूस दिसला. तोंडाला फडकं गुंडाळलेलं, दोन्ही हात चाकावर.

"ओय!" टोचनदादा ओरडला. वाऱ्याने शब्द पळवला. आतल्या माणसाने एक हात सावकाश वर केला आणि परत चाकावर ठेवला.

जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्याला रागही आला. रुतलेला माणूस खाली उतरतो, फावडं घेतो, निदान पट्टा तरी धरतो. जावईबापू मात्र बसून! पण बायकोचे शब्द आठवले. त्याने एकट्यानेच गुडघ्यांवर बसून पट्टा दोन्ही गाड्यांना अडकवला, आणि आपल्या गाडीत येऊन वायरलेस उचलला.

टोचन करताना मागच्या गाडीत माणूस लागतोच. चाक वळवायला, आणि मुख्य म्हणजे उतारावर ब्रेक लावायला, नाहीतर मागची गाडी पुढचीच्या ढुंगणावर येऊन आदळते. इंजिनांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मागचा माणूस वायरलेसचं बटन नुसतं दाबतो. एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर चल.

"तयार?" त्याने विचारलं.

टिक. टिक.

गाडी पहिल्याच ओढीला बाहेर आली. वाळू न उपसता, हिसका न देता. इतकी खोल रुतलेली गाडी अशी आलेली त्याने पाहिली नव्हती. पण थकलेला माणूस सोप्या गोष्टीची चौकशी करत नाही.

आणि मग मागची गाडी अशी काही चालली की टोचनदादा बघतच राहिला. चढावर बरोबर त्याच्या चाकोरीत. माथ्यावर क्षणभर दम खाऊन. उतारावर असा हलका ब्रेक की पट्टा कुठेही सैल पडला नाही. आरशात ते गुंडाळलेलं डोकं ताठ दिसत होतं, इकडे नाही की तिकडे नाही. उन्हं कलली, टेकड्यांना सावल्या फुटल्या, आणि टोचनदादाच्या मनातलं काहीतरी सैल झालं. त्याने वायरलेस तोंडाशी धरला.

"ऐक... त्या दिवशी मी चुकीचं बोललो. कळते रे तुला वाळू. माझ्यापेक्षा जास्त कळते."

सुर्र सुर्र.

"मी दमलोय आता. हे सगळं तूच सांभाळायचं आहेस. आज फाटकातून परत जायचं नाही. माझ्या मागोमाग सरळ घरी यायचं. आत यायचं, जेवायचं, आणि आमच्यातच राहायचं. लेकरू येईल, ते तुझ्या मांडीवर... ऐकतोयस ना? येशील?"

एक चढ गेला, एक उतार गेला. मग,

टिक. टिक.

टोचनदादाचे डोळे भरून आले. धूळ गेली म्हणून त्याने ते पुसले.

डांबरी रस्त्याला लागल्यावर तो उतरला आणि पुढच्या चाकात पंपाने हवा भरायला बसला. मागे बघून हसावं असं त्याला वाटलं, पण लाज वाटली. तेवढ्यात फोनला रेंज आली आणि तो वाजला. लेक होती.

"बाबा, आहात कुठे? हे केव्हाचे आलेत."

"कोण?"

"कोण काय? तुमचे जावई! वायरलेस बंद पडला म्हणून चालत रस्त्यापर्यंत आले, पाण्याच्या टँकरवाल्याने सोडलं. आई म्हणाली आत या, तर चक्क आले. जेवतायत. थांबा, देते."

"बाबा..." जावयाचाच आवाज. कित्येक महिन्यांनी त्याने बाबा म्हटलं होतं. "तुम्हाला उगाच त्रास झाला हो. गाडी सापडली तरी ओढू नका. चावी माझ्या खिशात राहिलीय. चावीशिवाय चाक वळायचं नाही, उलटेल कुठेतरी... बाबा? ऐकताय ना?"

"जेवून घ्या तुम्ही," टोचनदादा म्हणाला. आवाज आपला नाही असं त्याला वाटलं.

पंप बंद केला तेव्हा आजूबाजूला एकदम शांत झालं. वाराही पडला होता. तो मागच्या गाडीपाशी गेला. हात नको म्हणत होता, तरी त्याने बाजूच्या काचेवरची धूळ तळव्याने पुसली आणि आत पाहिलं. कुणी नव्हतं. सीटवर, पायाशी, सगळीकडे बारीक वाळूचा सारखा थर. स्टिअरिंगवरही थर. फक्त दोन हातांच्या पंजांएवढी जागा तेवढी स्वच्छ होती.

दार उघडायचा धीर त्याला झाला नाही. त्याने पट्टा सोडवला, गुंडाळून आपल्या शेजारच्या सीटवर फेकला आणि जावयाची गाडी तिथेच सोडून तो निघाला.

रस्ता सपाट होता, गाडी मोकळी होती. पण ज्याचं अख्खं आयुष्य ओढण्यात गेलं, त्याच्या पायाला ओझं सांगावं लागत नाही. इंजिन कण्हत होतं. आरशात रस्ता रिकामा होता, आणि ओढ मात्र तशीच होती, ताठ, कुठेही सैल न पडता.

घराची गल्ली आली. खिडकीत दिवा लागला होता. लेक उभी होती, तिच्यामागे जावई. गाडी ओळखून त्याने हात हलवला. टोचनदादाला त्या दिव्याखाली जाऊन नुसतं पडावंसं वाटलं, इतका तो दमला होता. पाय ब्रेककडे गेलाही.

टिक.

एकदाच. थांब.

माझ्या मागोमाग सरळ घरी ये, असं त्यानेच त्याला म्हटलं होतं. टोचनदादाने ब्रेककडे गेलेला पाय मागे घेतला. गल्ली मागे पडली. फोन वाजायला लागला, तो त्याने वाजू दिला. तो तसाच सरळ जात राहिला, आणि घर जसजसं दूर गेलं तसतशी मागची ओढ वाढत गेली, इतकी की त्याला सपाट रस्त्यावर दुसरा गिअर टाकावा लागला.

टिक... टिक...

शेजारच्या सीटवर पट्टा गुंडाळलेला पडला होता.