दोघांच्या वजनानं

गाडी वर उचला

स्कूटर अडकली नसती, तर शेफाली त्या दिवशी वेळेवर ऑफिसला पोचली असती, आणि मग पुढचं काहीच झालं नसतं. पण स्कूटर अडकली.

बावधनच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये घरमालकांची राखाडी स्पोर्ट्स सेडान चार लोखंडी स्टँडवर चढली होती. चाकं काढून भिंतीला टेकवलेली. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि गाडीच्या मागे, भिंतीला चिकटून, शेफालीची स्कूटर.

"अहो पाय," शेफाली म्हणाली, "रस्ता मिळेल, की आज आपण सार्वजनिक सुट्टी जाहीर केली आहे?"

पाय हलले. मग ग्रीसनं माखलेला एक चेहरा बाहेर आला. जयसिंग. मालकांचा मुलगा. सदाशिव पेठेतली आपली जुनी इमारत पाडून नवी होईपर्यंत शेफाली आणि तिचे आईबाबा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. पण 'पाणी आलं का?' याच्यापुढे तिचं त्याच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं.

"म्याडम, आता न्हाई खाली यायची गाडी. संध्याकाळ व्हईल."

"कुठल्या महिन्यातली?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या जरा आधी मिटायचा... हे तिच्या लक्षात आलं, आणि यायला नको होतं.

"मग घरनंच काम करा की आज," तो म्हणाला. "मधनंमधनं पाना द्यायला बरं पडंल."

जुनं काढा

तिनं लॅपटॉप जिन्यात आणला. नेट तिथं चांगलं येतं, असं आईला सांगितलं. येत नव्हतं.

दुपारपर्यंत तिला चौदा-पंधराचा पाना कुठला आणि सोळा-सतराचा कुठला, हे न बघता कळायला लागलं. तो गाडीखालून हात पुढे करायचा, ती पाना ठेवायची. बोटं लागायची. दोघंही पान्याबद्दलच बोलायचे.

"तुमच्याकडं सगळी अशी टोमणा मारूनच बोलत्यात का?"

"छे. काही जण गप्प बसतात. ते जास्त लागतं."

खोटं नव्हतं. तिच्या घरी 'भूक लागली' असं कोणी म्हणत नसे. 'आज स्वयंपाकाचा काही विचार आहे, की उपास?' असं विचारत. त्यावर आई 'उपासच बरा, पोट बघा किती सुटलंय' म्हणायची आणि पानं वाढायची. सगळं प्रेम असं आडवळणानं यायचं, पण यायचं.

नवं बसवा

संध्याकाळ निघाली ती दुसऱ्या दिवशीची.

खोक्यातून नवे कॉइलओव्हर निघाले. शॉकअपच्या नळीवरच स्प्रिंग चढवलेली, नळीला बाहेरून आटे, आट्यांवर रिंगा.

"ह्या रिंगा फिरवल्या की गाडी खाली-वर," जयसिंग म्हणाला. "चारी चाकांचं येगळं येगळं."

"म्हणजे प्रत्येकाची समजूत वेगळी काढायची."

"बराब्बर. तुमची कशी काढायची?"

ती लॅपटॉपमध्ये बघायला लागली. स्क्रीन केव्हाचा काळा झाला होता.

पलीकडच्या मैदानात ढोलपथकाचा सराव चालला होता. एकाच ठिकाणी चुकत होते, पुन्हा सुरू करत होते. तिला वाटलं — चुकू दे. ताल इतक्यात बसायला नको.

आत्ताच आवळू नका

"गाडी हवेत लटकलेली आसताना बोल्ट कच्चून आवळायचे न्हाईत," त्यानं सांगितलं. "रबर पिळवटतं. आदी जमिनीला टेकू द्यायची. तिचं वजन तिच्या अंगावर घेऊ द्यायचं. मग."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत नुसतं हातानं धरून ठेवायचं."

बोलताना तो बोल्टकडे बघत होता. ती त्याच्या मनगटाकडे.

खाली घ्या

गाडी खाली आली. त्यानं ती थोडी पुढे-मागे ढकलली, बोल्ट आवळले, मग ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं.

"हे मी," तो म्हणाला.

"हुबेहूब. फक्त हे जरा कमी बोलतं."

"आता तुमी बसा. डावीकडं."

ती पोत्याशेजारी बसली. तो टेप घेऊन चाकापासून चाकापर्यंत फिरला. मग 'उतरा' म्हणाला. मग परत 'बसा'. ती उतरली की गाडीची डावी बाजू करंगळीएवढी वर यायची. बसली की गाडी सरळ.

"बघितलं? तुमी हाय तर लेव्हलला येती."

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. त्याच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा होता आणि तो पुसायला तिचा हात जवळजवळ निघालाच होता, तेवढ्यात वरून आईची हाक आली —

"शेफाली! अगं, पझेशनची तारीख आली! पुढच्या महिन्यात आपल्या घरी!"

पलीकडचे ढोल थांबले. जयसिंग खाली वाकला. काचेच्या उंचीला त्याचा चेहरा आला. तो आता हसत नव्हता.

"रिंगा लॉक करायच्यात," तो म्हणाला. "सांगा... एकट्याच्या वजनानं सेट करू, का दोघांच्या?"

दोघांच्या. जिभेवर होतं. पण वर आई गॅलरीत, इथं शेजारी पोतं — आणि अशा वेळी तिच्या घरात जे होतं तेच झालं.

"एकट्याच्याच करा. मी काय तुमच्या गाडीचा स्पेअर पार्ट आहे, कायमची बसायला?"

आणि ती थांबली. आता तो काहीतरी सणसणीत म्हणेल, मग ती म्हणेल, मग...

"बरं," जयसिंग म्हणाला.

त्याच्या घरात शब्द म्हणजे शब्द होता. त्यानं तिला उतरायला दार उघडून दिलं, गाडी परत जॅकवर घेतली, हुक पाना लावला आणि रिंगा फिरवल्या. ती जिन्यात उभी राहून बघत होती. पाना त्याचा त्यानंच उचलला.

काही दिवसांनी परत तपासा

तो आला, पण पावसाळा संपल्यावर. सदाशिव पेठेत, नव्या इमारतीत, हातात स्वतःच्या लग्नाची पत्रिका.

"वा, वा! अभिनंदन!" बाबा म्हणाले. "जयसिंगराव, आता आलाच आहात तर हिला डेक्कनला सोडाल का? वाटेतच आहे तुमच्या."

तो आधी जाऊन गाडीत बसला. शेफालीनं फुटपाथवरूनच पाहिलं: गाडी सरळ होती. ती डावीकडे बसली, आणि गाडी तिच्या बाजूला हलकेच कलली. करंगळीएवढी.

"झुकली," ती म्हणाली.

"एकट्याच्या वजनानं सेट हाय. तुमीच सांगितलं व्हतं."

लक्ष्मी रोडची गर्दी सरकत नव्हती. त्याच्या मनगटावर नवं घड्याळ होतं.

"त्या रिंगा परत फिरवता येतात ना?"

"येत्यात. पण आट्यात चिखल बसला की जाम व्हत्यात. पावसाळाभर हात लावला न्हाई मी. म्हणलं, कुणीतरी ईल सांगायला..."

तिच्या जिभेवर एकापाठोपाठ एक तीन टोमणे आले. तिन्ही चांगले होते. तिनं तिन्ही गिळले.

"मला 'दोघांच्या' म्हणायचं होतं," ती म्हणाली.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. तो हलला नाही.

"मग तसं म्हणायचं ना, शेफाली."

म्याडम नाही. पहिल्यांदाच नुसतं नाव... तेही आता.

"मला वाटलं, तुम्ही उलट काहीतरी बोलाल," ती म्हणाली. "आमच्याकडे उलट बोलतात. मग समजतं."

"मला न्हाई समजलं."

"हो."

डेक्कनला त्यानं गाडी कडेला घेतली. तो स्टिअरिंगकडे बघत होता, 'उतरा' म्हणत नव्हता. शेवटी तिनंच दार उघडलं.

"लग्नाला या," तो म्हणाला.

"येईन," ती म्हणाली. आणि त्या शब्दाला टोमणा जोडला नाही.

तिनं दार लावलं. गाडीची डावी बाजू हळूच वर आली, आणि गाडी सरळ झाली.