दोन मिनिटांचा थांबा

बल्ब राहू दे चालू. अंधार केला म्हणून भुतं येत नसतात, आणि उजेड केला म्हणून जातही नसतात. ही गोष्ट माझ्या साडूची. रेल्वेत ड्रायव्हर. माणूस इतका सरळ, की पत्त्यांच्या डावातसुद्धा त्याला लबाडी जमत नाही. म्हणून तर मी त्याला जोडीदार घेत नाही.

गेल्या वर्षीचा अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीची पॅसेंजर घेऊन निघाला. निवृत्तीला दोन महिने उरलेले. बायकोनं डबा दिला, म्हणाली, "सकाळी येताना गॅसवाल्याला सांगून या." इतकी साधी रात्र.

वाटेत पूर्वी एक स्टेशन होतं. दोन खोल्या, एक बाक, एक हातपंप. गाडी दोन मिनिटं थांबायची. मास्तर एकटाच. तिकिटं तोच द्यायचा, कंदिलाच्या काचा तोच पुसायचा. लाईन एकेरी, त्यामुळे पुढे जायला गाडीला त्याच्याकडून टोकन घ्यावं लागे. वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेलं असायचं. इंजिनातला सहायक हात बाहेर काढून ते कडं उचलायचा. कडं हातात आलं, की पुढची लाईन तुमची.

मग नवे सिग्नल आले आणि एक कागद आला. आज रात्रीपासून गाडी इथं थांबणार नाही. त्या रात्री मास्तर कंदील घेऊन उभा राहिला. दुसऱ्या हातात कडं. माझा साडू तेव्हा नवखा सहायक. सवयीनं हात बाहेर गेला त्याचा. मोठा ड्रायव्हर खेकसला, "हात आत घे!" यानं घेतला. गाडी धडधडत निघून गेली, आणि मास्तर तसाच... कडं पुढे करून.

वर्षाच्या आत मास्तर गेला. मग पत्रे गेले, विटा गेल्या, बाकही कुणीतरी उचलून नेला. नावाची पाटी तेवढी तीस वर्षं उभी होती. त्या मंगळवारी दुपारी मशीन आणून तीही उपटली.

रात्री एक वाजून सतरा मिनिटं.

समोर लाल दिवा. हलणारा.

हलता लाल दिवा दिसला की थांबायचं, हा नियम. कोण हलवतंय ते नंतर. साडूनं ब्रेक लावला. गाडी थांबली... बरोबर बाकाच्या जागेपाशी.

शेजारी सहायक बाई. दोन पोरांची आई, मोठ्या धीराची. तिनं नुसतं बोट दाखवलं.

खिडकीबाहेर कडं.

वर येणारं.

साडू मला म्हणाला, "पळावंसं वाटलं. पण तीस वर्षं तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता."

त्यानं हात बाहेर काढला.

घेतलं.

...

दिवा हिरवा झाला.

गाडी थांबल्याची नोंद इंजिनाच्या यंत्रात होतेच. चौकशी बसली. साहेब तसा वाईट नव्हता. म्हणाला, "ब्रेक अडकला असं लिहा. दोन महिन्यांसाठी पेन्शन कशाला धोक्यात घालता?"

"ब्रेक ठणठणीत आहे," साडू म्हणाला. "स्टेशन होतं, थांबलो."

"तिथं स्टेशन नाहीये!"

"पाटी उपटलीत, साहेब. स्टेशन कसं उपटाल?"

साहेबानं बाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "दिवा मलाही दिसला. कडंही दिसलं. धरणारं कुणी... नाही दिसलं." आणि सही करून मोकळी झाली.

साडूला इंजिनावरून उतरवलं. शेवटचे दोन महिने फायली वाहायला लावल्या. बायको चिडली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? ती म्हणाली, "बरं केलंत. झोपेत हात झाडायचात, तेवढं तरी थांबेल." थांबलं. आता घोरतो नुसता.

कडं जमा करायला तो तीनदा गेला. आमच्या यादीत असलं काही नाही, म्हणून तिन्ही वेळा परत. शेवटी मी मागून आणलं. ते बघ, तुझ्या डोक्यावर, खिळ्याला. वेत सगळा गारठलेला आहे. फक्त एका जागी, चार बोटं मावतील एवढ्या...

वर्ष होत आलं. अजून कोमट आहे.

लाव हात.

मागे घेऊ नकोस.