पदराला खिसा

शेअर रिक्षात एका अनोळखी मुलाने माझ्या मांडीवर जीन्सचा गठ्ठा ठेवला, तोही न विचारता. वर म्हणतो कसा, "जरा सांभाळा हां मॅडम, मला पाय ठेवायलाही जागा नाही."

डिसेंबर २००४. रिक्षा उल्हासनगरच्या कॅम्प तीनहून अंबरनाथला निघालेली, मागे आम्ही चौघं कोंबलेले, आणि माझ्या मांडीवर आधीच एक गाठोडं. त्यात पाच देवदूतांचे झगे होते. मी सुवार्ता गोर्डे, अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलची टीचर. नाताळचं नाटक दर वर्षी माझ्याच गळ्यात. मी त्याला चांगलं झापलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाठोड्यातून डोकावणाऱ्या पिवळ्या पडलेल्या बाहीकडे बघून विचारलं, की हे देवदूत चहात पडले होते का.

मला हसायचं नव्हतं... पण आलं.

त्याचं नाव शमुवेल पाटोळे. राहायला बदलापूरला, कुळगावात. कॅम्प तीनच्या एका कारखान्यात जीन्स शिवायचा, म्हणून बोटांची टोकं कायम निळी. गेल्या दोन महिन्यांपासून आमच्याच चर्चला येत होता, म्हणे, अगदी मागच्या बाकावर.

"मी ओळखतो तुम्हाला," तो म्हणाला. "गाताना तुम्ही डोळे मिटता."

"म्हणजे उपासनेत तुमचे डोळे उघडे असतात तर."

तो असा लाजला, की कानापर्यंत लाल. झगे माझ्याकडे द्या, आमच्या धुलाईवाल्याकडून पांढरेशुभ्र करून आणतो, असं त्याने सांगितलं, आणि मी बावळटासारखं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

मग काय, झग्यांची खबर द्यायच्या निमित्ताने स्वारी रोज तालमीला हजर. कधी मेंढ्यांचे कान शिवून दे, कधी गव्हाणीत गवत पसर. आठवड्याभरात आमचं अहो-जाहो संपलं. एकदा हळूच म्हणाला, की नाताळसाठी त्याने स्वतःला पांढरा शर्ट शिवलाय, जीन्स सोडून आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी. "पंचवीस तारखेला बघ तू," म्हणाला. मी म्हटलं, बघू की. आणि घरी येऊन आरशासमोर उगाच तीनदा वेणी घातली.

चोवीस तारखेच्या सकाळी तो दारात उभा. चेहरा पार उतरलेला.

धुलाईवाल्याने झगे जीन्सबरोबर एकाच ड्रममध्ये टाकले होते. नुसते निळे झाले असते तरी चाललं असतं. हे डागाळलेले होते, शाई सांडल्यासारखे. मी इतकी भडकले, की शेजारची गोदूबाई गॅलरीत आली. नवं कापड आणावं, तर नेमका त्या दिवशी व्यापाऱ्यांचा बंद, अंबरनाथपासून कॅम्प दोनपर्यंत एक शटर उघडं नाही. घरातल्या चादरी सगळ्या फुलाफुलांच्या. नाटक संध्याकाळी. एवढ्यात संडे स्कूलमधली चिमी धावत आली. तीन वर्षं मेंढी झाल्यावर पोरीला यंदा पहिल्यांदा देवदूत केलं होतं. तिने तो झगा अंगाला लावून बघितला आणि परत घडी घालून ठेवला. ती रडली असती तर बरं झालं असतं.

मला कपाट दिसत होतं. कपाटात आईची साडी होती.

आईची लग्नातली पांढरी रेशमी साडी. आई जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या लग्नात मी तीच नेसायची, हे तिने शेवटच्या आजारपणात पप्पांना बजावून ठेवलं होतं. तिची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू माझ्याकडे उरली होती. पाळक साहेब आदल्या रविवारीच सांगत होते, की देवाने जगाला उरलंसुरलं दिलं नाही, होता तो एकुलता एक पुत्र दिला. त्या रविवारी मान डोलावणं फार सोपं होतं.

मी साडी बाहेर काढली. पप्पांनी पेपर खाली ठेवला. एवढंच म्हणाले, की साडी तुझी आहे, तू ठरव.

शमुवेलने हात मागे घेतले. "मी नाही कापणार."

"काप."

"सुवार्ता, ही परत मिळायची नाही."

"माहितेय मला. काप म्हणते ना."

घरातल्याच शिलाई मशीनवर त्याने झगे शिवले. मी बाजूला बसून ढसाढसा रडत होते आणि सुईत दोरा ओवून देत होते. त्याने कुठे गोलाई दिली नाही, सगळं सरळ रेषेत कापलं, गळ्याला नुसती चीर, टिपा लांब लांब आणि सैल. मला वाटलं, घाईत आहे. चार झगे झाले आणि साडी संपली. पाचवी चिमी.

तो म्हणाला, आलोच, आणि गेला. कुळगावहून परतला तो नवा पांढरा शर्ट घेऊन. बटणं पाठीमागे करून चिमीला घातला, बाह्या दुमडल्या, तर काय सांगू, पाचांत तीच खरी देवदूत दिसली.

त्या संध्याकाळी शमुवेल मागच्या बाकापाशी कामाच्या निळ्या सदऱ्यात उभा होता. गाताना मी डोळे मिटले नाहीत. एकदाही नाही. प्रेमात पडले होते मी, झालं!

नाताळनंतर त्याने झगे धुवायला मागितले. मी म्हटलं, तू आणि धुलाई? तो म्हणाला, स्वतःच्या हाताने. त्यानंतर झगे गायबच. विचारलं की विषय बदलायचा. वर्षभर आम्ही भेटलो, भांडलो, स्टेशनबाहेर चहा प्यायलो... पण मनातलं एक अक्षर बोलेल तर शपथ. मी अगदी कंटाळले होते.

२००५चा नाताळ. उपासना सुटली, अंगणात करंज्यांची ताटं फिरत होती. शमुवेलने माझ्या हातात एक पुडकं दिलं.

आत आईची साडी होती. अख्खी.

वर्षभर जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने एकेक सैल टीप उसवली होती आणि तुकड्याला तुकडा जोडला होता. शिवणी दिसत होत्या, अगदी जीन्सला असते तशी दुहेरी टीप, फक्त पांढऱ्या दोऱ्याची. पदरापाशी एका देवदूताने मेणबत्तीवर रेशीम जाळलं होतं. तिथे साधं सुती कापड होतं, आणि त्याला चक्क खिसा.

"हा तुझा शर्ट?"

"चिमीकडून मागून आणला. खिसा उसवायला जीव झाला नाही." मग खाली बघत म्हणाला, "सुवार्ता, तू ही नेसशील त्या दिवशी... शेजारी मी असलो तर चालेल?"

"आधी पप्पांना विचार."

"विचारलंय. मागच्या नाताळलाच. म्हणाले, आधी साडी पुरी कर."

मी वळून पाहिलं. पप्पा करंजी खाता खाता दुसरीकडेच बघत होते.

आता सगळ्या चर्चसमोर मी काय बोलणार? मी घडी मोडली आणि आईचा पदर, त्याच्या खिशासकट, माझ्या खांद्यावर घेतला. पाळकीणबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.