उणे साडेसात

उणे साडेसात नंबरचा चष्मा रोज येत नाही.

आमच्या केंद्रात लोक जुने चष्मे आणून टाकतात. वारलेल्या सासऱ्यांचे, मुलांना लहान झालेले, फॅशन सरली म्हणून रुसलेले. आम्ही ते धुतो, यंत्राखाली नंबर तपासतो, पाकिटावर लिहितो आणि ज्याला नवा परवडत नाही त्याच्या नाकावर चढवतो. उणे दोन, अधिक दीड यांचे ढीग पडलेत. उणे साडेसातसाठी मात्र वाट पाहणाऱ्यांच्या यादीत अकरा महिने एकच नाव ठाण मांडून होतं, कोपऱ्यावरच्या लाँड्रीतल्या बाईंचं.

म्हणून त्या दुपारी वाळत ठेवलेल्या ट्रेमधला एक काळा, सडपातळ चष्मा यंत्राखाली धरला आणि तो आकडा दिसला, तेव्हा मला राहवलं नाही. नियम असा की दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासायचं, मगच द्यायचं. मी सरळ फोन केला. बाई हातातली इस्त्री ठेवून धावत आल्या, चष्मा चढवला, दारात दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या आणि मला घट्ट मिठी मारून निघून गेल्या.

पाच मिनिटांनी आतल्या सिंकवर चष्मे धुऊ लागणारा माझा पाहुणा बाहेर आला. साबणाचे हात, बारीक केलेले डोळे, आणि वाटेत खुर्चीला धडक.

“अगं, माझा चष्मा बघितलास का? या जुन्या काचांवरचे ओरखडे जवळून तपासायला काढला होता. ट्रेच्या कडेला ठेवला... बहुतेक ट्रेमध्येच.”

मी ट्रेकडे पाहिलं, मग दाराकडे.

हा पाहुणा म्हणजे दुर्बीण. दादाचा शाळेपासूनचा मित्र. सातवीत त्याच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या काचा आल्या, त्या दिवशी हे नाव मीच ठेवलं. आता तो कॉलेजात गणित शिकवतो, आणि चार दिवसांपूर्वी एवढ्या लांब, परदेशात येऊन थडकला तो ‘तुझं रोजचं जगणं बघायचंय’ म्हणून. मी दाखवलं. मैत्रिणीबरोबर घेतलेली चौथ्या मजल्यावरची खोली, तळघरातलं सगळ्या इमारतीचं एकच वॉशिंग मशीन आणि त्यावरून होणारी भांडणं, दर बुधवारी वृद्धाश्रमात जाऊन आजी-आजोबांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळायचं काम. त्याने सगळं पाहिलं. बोलला मात्र दुसऱ्यांच्या तोंडून. ‘तुझ्या आई म्हणत होत्या, आता पुरे झालं’ असं अकरा वेळा. ‘दादा म्हणतो, परत ये’ हे सात वेळा. ‘मी म्हणतो’ एकदाही नाही. मला मोजायची सवय आहे, काय करणार.

उद्या सकाळी त्याचं विमान होतं. आणि आज पाच वाजता मला मोठ्या बाईंना, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना, फॉर्म भरून द्यायचा होता. अजून दोन वर्षं राहणार की नाही? फॉर्मचं त्यालाही ठाऊक होतं; चार दिवस तो ड्रॉवरमध्ये कोराच पडला होता. का, ते मी कुणाला सांगणार नव्हते.

“कसला होता चष्मा?” मी उगाचच विचारलं.

“काळा. बारीक फ्रेमचा.”

“तुझी तर तपकिरी, जाड फ्रेम ना?”

“होती. येण्याआधी बदलली.” तो थांबला. “म्हटलं... कुणाच्या तरी लक्षात येईल.”

समोरच्या इमारतीत कुणी पडदे बदलले तरी मला त्याच दिवशी कळतं. तो माझ्याकडे किती वेळा बघतो हेही मी मोजलं होतं. फक्त, तो बघायला लागला की मी दुसरीकडे बघायची. चार दिवस त्याच्या चेहऱ्याकडे धड एकदाही पाहिलं नव्हतं.

“चल,” मी म्हटलं. “लाँड्रीतल्या बाईंना देऊन बसले मी, अकरा महिने यादीत होत्या. परत आणू.”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर भुरभुर सुरू होती. मी त्याचा कोपर धरला.

“पायरी आहे.”

“दिसली.”

“ती पायरी नाही, कुत्रा आहे.”

तो हसला नाही. मीही नाही. कोपर सोडायचं मात्र दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

लाँड्रीत वाफ दाटली होती. बाई खिडकीशी उभ्या होत्या, नवा चष्मा नाकावर, आणि समोरच्या बेकरीकडे बघून हात हलवत होत्या. काचेपलीकडून त्यांची मुलगी हात हलवत होती. बाई वळल्या, मला बघून भडाभडा बोलू लागल्या. त्याला इथली भाषा येत नाही.

“काय म्हणतात?” त्याने विचारलं.

“म्हणतात, मुलगी रोज चार वाजता तिकडून हात हलवते आणि ह्या तीन वर्षं अंदाजानेच हलवत होत्या. एकदा पोस्टमनलाच हलवला, तो अजून लाजतो.” मी पुन्हा बेकरीकडे पाहिलं. “म्हणतात, मुलीने केस कापलेत. मला कुणी सांगितलंच नाही.”

तो खाली वाकला. मग माझ्या कानाशी म्हणाला, “मागू नकोस.”

“अरे, विमानतळावर गेटचा नंबरसुद्धा वाचता येणार नाही तुला.”

“विचारीन. तोंड आहे मला.”

“ते चार दिवस कुठे होतं?”

एवढ्यात बाई जवळ आल्या. त्याच्या नाकावरच्या दोन लाल खुणा त्यांनी निरखल्या आणि त्यांचा हात सावकाश स्वतःच्या चष्म्याकडे गेला. आयुष्यभर लोकांचे डाग काढणारी बाई, तिला काय सांगावं लागतं? पण ती हालचाल त्यालाही कशीतरी कळली. त्याने दोन्ही हात हलवले.

“त्यांना सांग, माझ्याकडे दुसरा आहे.”

“आहे?”

“आहे ना. घरी, माझ्या आईच्या कपाटात.”

मी पहिलंच वाक्य बाईंना सांगितलं. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी मान खाली घातली.

“आता काय विचारलं?”

“तुझा नंबर.”

“खोटं बोलतेस.”

“दिसत नाही ना तुला? मग गप बस.”

बाहेर आलो तेव्हा पावणेपाच झाले होते. लाँड्रीच्या छपराखाली तो थांबला.

“बरंच झालं चष्मा गेला ते,” तो म्हणाला. “तू भुवई उचललीस की माझं वाक्य आई नाहीतर दादाच्या नावावर जातं. आता भुवई दिसत नाही.”

“उचललेली आहे.”

“असू दे. आई म्हणतात, परत ये. दादा म्हणतो, परत आण.” त्याने श्वास घेतला. “मी म्हणतो... सही कर.”

चार दिवस ज्या ‘मी म्हणतो’ची वाट पाहिली ते हे? माझा हात त्याच्या कोपरावरून सुटला.

“म्हणजे, मी आले काय, न आले काय, तुला सारखंच.”

“सारखं असतं तर पहिल्याच दिवशी बोललो असतो. तू यावीस म्हणून तर मी इथवर आलो. पण तू मुलीचे केस आईला दाखवतेस इथे. तुला त्यातून ओढून नेलं, तर तिकडे माझ्यासमोर बसून इकडचेच चष्मे मोजशील.” मग अगदी हळू म्हणाला, “मी यादीत नाव घालतो. वाट पाहणाऱ्यांच्या. किती लागतात म्हणालीस, अकरा महिने?”

“कधी जास्तही लागतात.”

“चालेल.”

मी पुन्हा कोपर धरला. या वेळी रस्ता ओलांडायच्या आधीच.

केंद्रात शिरलो तेव्हा पाचाला चार मिनिटं होती. मोठ्या बाई काउंटरवर बोटांनी ताल धरून बसल्या होत्या. चूक मी आधी कबूल केली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि काहीतरी आणायला म्हणून आत निघून गेल्या. मी फॉर्म काढला, ‘दोन वर्षे’वर काट मारली, वर एक आकडा लिहिला आणि सही केली.

“काय लिहिलंस?” त्याने विचारलं. “वीतभरापलीकडे मला सगळं धुकंच.”

मी कागद उचलला, त्याच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरला. त्याने वाचायला बराच वेळ लावला. होतं काय त्यात? ‘एक वर्ष’, एवढंच.

मग मी कागद बाजूला केला. अंतर मात्र तेवढंच राहू दिलं.

तो बघत राहिला. या वेळी मी दुसरीकडे पाहिलं नाही.

“भुवई,” तो म्हणाला, “उचललेली नाहीये.”