लक्ष्मण, घर आ जा

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी आज सुखानं झोपलो असतो.

माझी मामेबहीण रुपाली इंदूरला भंवरकुआंला राहते. ती आणि माझी मामी, दोघीच. मामीची एक खोड... दारात कोणीही येवो, कुरिअरवाला का असेना, पाणी विचारल्याशिवाय परत पाठवायची नाही.

"आई, न बघता दार उघडत जाऊ नकोस," रुपाली चिडायची. मामी हसायची आणि पुन्हा तेच.

हे लक्षात ठेवा.

गेल्या डिसेंबरात रुपालीला एक काम मिळालं. यशवर्धनजी सेठ, सियागंजचे किराण्याचे जुने व्यापारी. पेढीला शंभर वर्षं होणार म्हणून घराण्याचा इतिहास छापायचा होता. घरात जुना कागद एक नाही. मग काय, गावातले जुने पेपर धुंडाळायचे.

रुपाली दिवसभर वाचनालयात पिवळी पानं उलटायची. पेढीचं नाव दिसलं की मोबाइलनं फोटो काढायची. संध्याकाळी घरी बसून ते हिंदी मजकूर मोठ्यानं वाचायची आणि मोबाइल ऐकून टाइप करायचा. तेवढेच कष्ट वाचतात.

दिवाळीच्या जाहिराती, नव्या गोदामाची पूजा... सगळं गोडगोड.

मग एक 'आम सूचना', म्हणजे जाहीर नोटीस, सापडली. सेठजींच्या आजोबांनी दिलेली.

"मेरा पुत्र लक्ष्मण मेरे कहने में नहीं है. मैं उसे घर और संपत्ति से बेदखल करता हूँ. उससे हमारा कोई संबंध नहीं."

यात नवल काही नाही. आमच्याकडे अशा सूचना आजही छापून येतात.

पण पुढच्या थंडीतल्या अंकात आणखी एक होती. ही लक्ष्मणच्या आईची.

त्या संध्याकाळी मामी आत मेथी निवडत होती. रुपालीनं मोबाइल समोर धरला आणि वाचलं...

"बेटा लक्ष्मण, तू जहाँ भी हो, घर आ जा. कोई कुछ नहीं कहेगा. तेरी माँ ने अन्न छोड़ दिया है."

मजकूर संपला. ती थांबली. माइक चालूच राहिला.

घरात चिडीचूप...

आणि स्क्रीनवर आपोआप अक्षरं उमटली.

"आ रहा हूँ. मानपुर तक आ गया."

शेजारचा टीव्ही ऐकला असेल मोबाइलनं, असं म्हणून तिनं ते पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं साधी तुपाची जाहिरात वाचली. वाचून थांबली, आणि...

"महू आ गया."

आता मात्र तिच्या अंगावर काटा आला. मानपुर, महू. मुंबईकडून इंदूरला येणारा रस्ता. पुढे राऊ. आणि गावात शिरल्यावर... भंवरकुआं.

सकाळ होताच ती तडक सेठजींकडे गेली. "यशवर्धनजी, ये लक्ष्मण कौन थे?"

सेठजींनी चहाचा कप खाली ठेवला. "हमारे यहाँ इस नाम का कोई हुआ ही नहीं, रुपालीजी. आप दुकान का इतिहास लिखिए."

तिथून वाचनालय. आईच्या सूचनेनंतरचे अंक ती एकामागून एक चाळत गेली. कोपऱ्यात एक चिमुकली बातमी होती. सियागंजात, सेठांच्या घराखालच्या पेढीच्या ओट्यावर एक तरुण थंडीनं मेलेला सापडला. लांबून पायी आलेला, पाय फुटलेले. शेजाऱ्यांनी सांगितलं, रात्रभर दार वाजत होतं. आतून कोणी उघडलं नाही.

काही दिवसांनी लक्ष्मणच्या आईच्याच उठावन्याची, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेची, सूचना. तिनं शेवटपर्यंत अन्नाला शिवलं नव्हतं.

 तेव्हा आईनं बोलावलं आणि दार बंद राहिलं. आता इतक्या वर्षांनी त्याला पुन्हा कोणीतरी बोलावलं होतं... तिनंच.

तिनं माइक चालू केला. एक शब्दही बोलली नाही.

"राऊ आ गया."

घरी मामी एकटी होती. दार उघडणारी मामी. रुपाली पळत सुटली.

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी रुपालीनं आईला नजरेआड होऊ दिलं नाही. दिवेलागण झाली. खाली कोचिंगच्या पोरांचा गलका, गाड्यांचे हॉर्न, रोजचंच सगळं...

एकदम सगळं थांबलं.

दार वाजलं.

दाराला बेल आहे. कोणी ती वाजवली नाही. दारच वाजत होतं... हळू, थांबत थांबत.

"आले रे," म्हणत मामी उठली.

"आई, नाही." रुपालीनं तिचा हात घट्ट धरला, मोबाइलमध्ये लक्ष्मणच्या बापाची सूचना काढली आणि बंद दाराला तोंड लावून वाचली. शेवटपर्यंत वाचली. उससे हमारा कोई संबंध नहीं.

वाजणं थांबलं. अनवाणी पावलं फरफटत जिना उतरली.

रुपालीनं मोबाइल खाली ठेवला. सुटलो, असं तिला वाटलं.

"कोण होतं गं?" मामीनं विचारलं.

"कोणी नाही, आई."

"मग रडत कोण गेलं?"

त्या रात्री मामी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट काढले, सगळे नॉर्मल. मामीचं एकच म्हणणं, "दारातनं पोरगं उपाशी गेलं. ते आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

रुपालीनं तिला लक्ष्मणचं नावसुद्धा सांगितलेलं नव्हतं.

तिचा मला फोन आला. "दादा, त्या बाईसारखंच होतंय. आई जाईल माझी. मी त्याला परत बोलावते." भलतंसलतं काही करू नकोस, मी येतो, असं मी म्हणालो. येऊन मामीला पाहिलं. गालांची हाडं वर आलेली, नुसती पाण्यावर. मग मीही तिला अडवलं नाही.

रुपालीनं लक्ष्मणच्या आईची सूचना काढली आणि पुन्हा वाचली. मी शेजारीच बसलो होतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"मानपुर."

काल महू आलं. आज राऊ.

मामी आज बिछान्यातून उठली आहे. कशी उठली, देव जाणे. तांदूळ निवडत बसली आहे, नेहमीपेक्षा एक वाटी जास्त. दाराची कडी मी दोनदा लावली. दोन्ही वेळा तिनं काढली.

तो आत आला की मामी जेवेल. एवढंच आम्हाला माहीत आहे.

जेवून तो जाईल, की राहील... ते कुठल्याच पेपरात छापलेलं नाही.