विनोदाआधीचे हसू

हे जसे घडले तसेच लिहितो आहे. मी तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतली आणि निवृत्त होईपर्यंत वीज उपकेंद्रात काम केले. कारण सापडल्याशिवाय स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही.

गेल्या महिन्यातला रविवार. संध्याकाळ. घरात मी एकटाच.

मुलीचा फोन आला.

"बाबा, उद्या माणूस येईल. जुना सेट-टॉप बॉक्स त्याला देऊन टाका."

"त्यात तुझ्या आईची रेकॉर्डिंग्ज आहेत गं."

"त्यातलं एक तरी बघितलंत का? नुसतं संग्रहालय करून ठेवलंय."

खरेच होते ते. माझी कायम दुसरी पाळी. माझी बायको संध्याकाळी तिची विनोदी मालिका बघायची आणि माझ्यासाठी रेकॉर्डही करून ठेवायची. रविवारी ती ते लावायची, पण मी शेजारच्या खुर्चीतच पेंगायचो. "पुढच्या रविवारी नक्की," म्हणायचो.

ती जाऊन वर्ष झाले. तिने लावून ठेवल्याप्रमाणे यंत्र अजून रोजचा भाग रेकॉर्ड करते.

देऊन टाकण्याआधी एक तरी बघावा, म्हणून सर्वांत जुना भाग लावला.

पडद्यावरचे सासरेबुवा खुर्चीत बसायला वळले...

आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून हसू आले.

सासरेबुवा अजून पडलेही नव्हते.

ती नेहमी असेच करायची. भाग आधी बघितलेला, त्यामुळे दम निघत नसे. "आता बघा हं," म्हणून आधीच हसत सुटायची.

तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरला असेल? पण या यंत्राला माइक नसतो. खात्रीसाठी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

पडद्यावर नुसते ओठ हलत राहिले...

हसू थांबले नाही.

भीतीपेक्षा मला लाजच जास्त वाटली. मग सुचले, परवाचा भाग लावावा. तो तिने बघितलेला असणे शक्यच नव्हते.

लावला. खोलीत शांतता. सासरेबुवा छत्री घेऊन दारात आले...

"आता बघा हं."

आणि हसू. छत्री उलटण्याआधीच.

म्हणजे हा भाग तिने बघितला होता. याच खोलीत. मी आत झोपलेलो असताना. एकटीने.

दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवले.

"बाबा, खरंच बघताय का?" मुलीने विचारले.

"बघतोय. रोज एक."

पेंगायची मात्र आता हिंमत होत नाही.

काल क्षणभर डोळा लागला. हसू थांबले...

आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकल्याचा आवाज आला.